पिवळं ते पिवळंच: डोलणारी रासायनिक अभिक्रिया सुरू व्हायला एवढा वेळ का लावते?

माझ्या जुन्या फोनमध्ये चार मिनिटांचा एक व्हिडिओ आहे. काचेचा बीकर, त्याखाली गरगर फिरणारा मॅग्नेटिक स्टरर, मागे कॉलेजच्या लॅबची पांढरी टाइल. बीकरमधलं द्रावण पिवळं आहे. पहिल्या मिनिटाला पिवळं, तिसऱ्या मिनिटाला पिवळं, व्हिडिओ संपतो तेव्हाही पिवळंच. मागून माझाच आवाज येतो, "तू नळाचं पाणी घेतलंस ना?" आणि पार्टनर म्हणतो, "नाही रे, डिस्टिल्डच आहे."

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजच्या टेक्निकल फेस्टमध्ये आम्ही दोघा कॉम्प्युटरवाल्यांनी हौसेने केमिस्ट्रीचं मॉडेल घेतलं होतं. आपोआप रंग बदलणारं द्रावण. पिवळं, बिनरंगी, पुन्हा पिवळं, पुन्हा बिनरंगी, कोणी हात न लावता. परीक्षक आले, बीकरकडे बघितलं, "हं, पुढे?" म्हणाले आणि शेजारच्या टेबलावरच्या लाइन फॉलोअर रोबोकडे गेले. आम्ही बीकर ओतून टाकला. मी चार लोकांसमोर सगळं खापर पार्टनरवर फोडलं. पाणी त्याने आणलं होतं ना!

गेल्या महिन्यात याच अभिक्रियेचं सिम्युलेशन सहज म्हणून लिहायला घेतलं आणि तो व्हिडिओ परत काढून बघावा लागला. का, ते शेवटी सांगतो. त्याआधी ही अभिक्रिया समजून घेऊ.

बेलूसोव्हचा बीकर

या अभिक्रियेचं नाव बेलूसोव्ह-झाबोटिन्स्की. पुढे बीझेड म्हणू. १९५०च्या सुमारास मॉस्कोत बोरिस बेलूसोव्ह हा रसायनशास्त्रज्ञ पेशींमधल्या क्रेब्स चक्राची टेस्ट ट्यूबमधली साधी नक्कल करायचा प्रयत्न करत होता. त्याने सायट्रिक ॲसिड, पोटॅशियम ब्रोमेट, सल्फ्युरिक ॲसिड आणि उत्प्रेरक म्हणून थोडं सिरियम एकत्र केलं. पिवळ्या सिरियमचा रंग जाईल आणि काम संपेल अशी साहजिक अपेक्षा. रंग गेला. मग परत आला. मग परत गेला.

१९५१मध्ये त्याने यावर लेख पाठवला तो नाकारला गेला. असं होणं शक्यच नाही, असं संपादकाचं म्हणणं. त्यामागे एक खरी अडचण होती. रसायनं समतोलाकडे जातात, म्हणजे उतारावरून खाली येतात. उतारावरून घरंगळणारा दगड मध्येच उलटा वर चढायला लागला तर आपणही विश्वास ठेवणार नाही. काही वर्षांनी बेलूसोव्हने पुन्हा प्रयत्न केला, तोही फसला. शेवटी १९५९मध्ये रेडिएशन मेडिसिनवरच्या लेखांच्या एका संग्रहात त्याचं छोटंसं टिपण आलं. १९६१मध्ये अनातोली झाबोटिन्स्की या विद्यार्थ्याने ते काम हाती घेतलं, सायट्रिकच्या जागी मॅलोनिक ॲसिड वापरलं आणि दोलनं स्वच्छ दिसायला लागली. १९८०मध्ये या कामाला लेनिन पुरस्कार मिळाला तेव्हा बेलूसोव्हला जाऊन दहा वर्षं झाली होती.

संपादकाच्या शंकेचं उत्तर असं, की दगड वर चढतच नाही. ब्रोमेट आणि मॅलोनिक ॲसिड हे मूळ इंधन सतत, एकाच दिशेने संपत असतं. वरखाली होतात ते फक्त मधले घटक, तेही इंधन असेपर्यंत. बंद बीकरमध्ये काही वेळाने सगळं थंडावतंच.

पण आज मला रंगांच्या येण्याजाण्याबद्दल बोलायचं नाहीये. मला बोलायचंय त्या आधीच्या वेळाबद्दल. सगळं मिसळून झाल्यावर आणि पहिला रंगबदल होण्याआधी जी काही मिनिटं नुसतीच जातात, त्यांच्याबद्दल. रसायनशास्त्रात याला इंडक्शन पिरियड म्हणतात. मी साधा 'विलंब' म्हणेन.

वॉचमन आणि विरजण

विलंब समजायला आधी दोलन कसं चालतं ते कळायला हवं. ओरेगन विद्यापीठाच्या रिचर्ड फील्ड, एंड्रे कोरोश आणि रिचर्ड नॉइज यांनी १९७२मध्ये ते पहिल्यांदा नीट उलगडून दाखवलं. तिघांच्या आडनावांवरून त्याला एफकेएन यंत्रणा म्हणतात. त्यात बऱ्याच पायऱ्या आहेत, पण मुख्य पात्रं चारच.

पहिलं पात्र ब्रोमस ॲसिड. हे विरजणासारखं वागतं. चमचाभर विरजण दुधात पडलं की ते स्वतःसारखं आणखी विरजण तयार करतं. तसंच ब्रोमस ॲसिडचा एक रेणू ब्रोमेटच्या मदतीने स्वतःचे दोन करतो, दोनाचे चार, चाराचे आठ. हे होत असताना बिनरंगी सिरियम पिवळ्या सिरियममध्ये बदलत जातं. दुसरं पात्र हे सिरियमच. द्रावण पिवळं दिसलं की समजायचं, विरजण जोरात आहे.

तिसरं पात्र ब्रोमाइड. हा वॉचमन. ब्रोमस ॲसिड दिसलं की ब्रोमाइड ते खाऊन टाकतं. ब्रोमाइड एका ठरावीक पातळीच्या वर असेल तर विरजण लागतच नाही, कारण एकाचे दोन व्हायच्या आत तो एक संपलेला असतो. पातळीच्या खाली गेलं की विरजणाला रान मोकळं. ही पातळी फार लहान असते. ब्रोमेटच्या प्रमाणाच्या काही लाखांशांइतकी. म्हणजे वॉचमन दिसायला किरकोळ आहे, पण गेट त्याच्याच ताब्यात आहे.

आता चक्र बघा. ब्रोमाइड भरपूर आहे, द्रावण बिनरंगी. ब्रोमेट ब्रोमाइडला हळूहळू संपवतंय. ब्रोमाइड पातळीखाली गेलं, विरजण उसळलं, सगळं पिवळं झालं. आता हे पिवळं सिरियम ज्याच्यावर तुटून पडतं ते चौथं पात्र, ब्रोमोमॅलोनिक ॲसिड. म्हणजे मॅलोनिक ॲसिडच, फक्त त्याला एक ब्रोमीन चिकटलेला. सिरियमने ते तोडलं की त्यातून ब्रोमाइड बाहेर पडतं. वॉचमन परत ड्युटीवर. विरजण बंद, सिरियम पुन्हा बिनरंगी आणि आपण परत पहिल्या चौकात.

थोडक्यात, पिवळ्या रंगाच्या पोटातच पिवळा रंग थांबवणारी गोष्ट तयार होते, पण जरा उशिराने. या उशिरामुळेच द्रावण मधल्या कुठल्यातरी रंगावर स्थिर न होता इकडून तिकडे झोके घेतं.

मग सुरुवातीला अडतं कुठे?

वरच्या चक्रात मी एक गोष्ट गृहीत धरली. चौथं पात्र हजर आहे, असं.

आता आमच्या बीकरची यादी आठवा. पोटॅशियम ब्रोमेट, मॅलोनिक ॲसिड, सल्फ्युरिक ॲसिड, सिरियमचा क्षार, पाणी. यात ब्रोमोमॅलोनिक ॲसिड कुठेय? नाहीच. कोणी बाटलीतून ओतलेलंच नाही.

त्यामुळे सुरुवातीला काय होतं? रसायनांत अशुद्धी म्हणून जे किंचित ब्रोमाइड असेल ते लगेच खलास होतं. वॉचमन गेला, विरजण उसळलं, द्रावण पिवळं. पिवळं सिरियम नेहमीप्रमाणे कामाला लागतं, पण समोर साधं मॅलोनिक ॲसिड आहे. ते तोडलं तरी त्यातून ब्रोमाइड येणार कसं, त्यात ब्रोमीनच नाही! मग वॉचमन परत येत नाही, विरजण चालूच राहतं, सिरियम बिनरंगी झालं की पुन्हा पिवळं होतं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त स्थिर पिवळा रंग दिसतो.

आणि याच काळात खरं काम चालू असतं. विरजण बेफाम वाढत नाही, कारण ब्रोमस ॲसिडची गर्दी झाली की त्याचे दोन रेणू एकमेकांतच आपटून संपतात. त्यातून हायपोब्रोमस ॲसिड तयार होतं आणि ते मॅलोनिक ॲसिडला ब्रोमीन चिकटवतं. झालं, ब्रोमोमॅलोनिक ॲसिडचा पहिला थेंब. मग दुसरा. याला स्वतःचा रंग नाही, त्यामुळे ते साठतंय हे डोळ्यांना कळतच नाही. जसजसं ते साठतं तसतसं पिवळ्या सिरियमच्या दर फटक्यात थोडं थोडं जास्त ब्रोमाइड सुटायला लागतं. ते लगेच खाल्लं जातं, पण दर मिनिटाला वॉचमनची बाजू थोडी वरचढ होत जाते. एका क्षणी सुटणारं ब्रोमाइड खाल्ल्या जाणाऱ्या ब्रोमाइडपेक्षा जास्त होतं. गेट बंद. द्रावण पहिल्यांदा बिनरंगी. दोलन सुरू.

हे नुसतं तर्काने सांगत नाहीये. तपासायची सोपी युक्ती आहे. ब्रोमोमॅलोनिक ॲसिड वेगळं तयार करून पहिल्यापासूनच घातलं तर विलंब कमी होतो आणि पुरेसं घातलं तर जवळजवळ नाहीसाच होतो. प्रयोगशाळेत हे करून पाहिलेलं आहे.

आता मला वीस वर्षांचा असताना कोणीतरी सांगायला हवी होती अशी गोष्ट. बीझेडच्या बहुतेक प्रात्यक्षिकांच्या कृतीत एक विचित्र पायरी असते. सिरियम किंवा फेरोइन घालायच्या आधी थोडं पोटॅशियम ब्रोमाइड घाला. द्रावण ब्रोमीनमुळे तपकिरी होईल, उग्र वास येईल. काही मिनिटं थांबा, तपकिरी रंग पूर्ण जाऊ द्या, मग उत्प्रेरक घाला. मला ही पायरी तेव्हा नुसती कटकट वाटली होती. ब्रोमाइड तर दोलनाचा शत्रू, मग मुद्दाम का घालायचं?

त्याचं उत्तर त्या जाणाऱ्या तपकिरी रंगात आहे. ब्रोमेट आणि ब्रोमाइड आम्लात भेटले की ब्रोमीन तयार होतं. हे ब्रोमीन मॅलोनिक ॲसिडला चिकटतं म्हणून रंग जातो आणि मागे उरतं ब्रोमोमॅलोनिक ॲसिड. म्हणजे बीकरने स्वतः काही मिनिटं खपून जे साठवलं असतं ते तुम्ही आधीच करून दिलं. विलंब गायब झालेला नसतो. प्रेक्षक यायच्या आधी तो उरकून घेतलेला असतो, इतकंच.

लगेच पूर्ण जोरात का?

एक गोष्ट मला बराच काळ खटकत होती. ब्रोमोमॅलोनिक ॲसिड हळूहळू वाढतं, मग दोलनंही हळूहळू मोठी व्हायला हवीत ना? आधी रंग किंचित थरथरेल, मग जरा जास्त. प्रत्यक्षात सिरियमच्या बीझेडमध्ये पहिलाच झोका जवळपास पूर्ण उंचीचा असतो. अनेक मिनिटं काही नाही आणि मग एकदम सगळं.

यासाठीच मी सिम्युलेशन लिहायला बसलो. फील्ड आणि नॉइज यांनी १९७४मध्ये एफकेएनचं छोटं गणिती रूप काढलं, ओरेगोनेटर नावाचं. (ब्रसेल्सच्या गटाने आधी ब्रसेलेटर काढलं होतं, त्यावरून हे ओरेगनचं. शास्त्रज्ञांची विनोदबुद्धी आपल्यासारखीच.) ते आणखी आटवलं तर दोनच चल उरतात. क्ष म्हणजे ब्रोमस ॲसिड, जे झटपट बदलतं, आणि य म्हणजे पिवळं सिरियम, जे सावकाश बदलतं. शिवाय एक आकडा, फ. सिरियमच्या फटक्यामागे किती ब्रोमाइड सुटतं ते हा फ सांगतो. आपल्या भाषेत, चौथं पात्र किती साठलंय त्याचं माप.

गणित इतकं छोटं आहे की इथेच करून टाकू. विरजणाची निव्वळ वाढ क्ष × (१ − क्ष) इतकी. स्वतःमुळे वाढ आणि स्वतःच्याच गर्दीने अडथळा. ब्रोमाइडमुळे होणारी घट साधारण फ × य इतकी. स्थिर अवस्थेत क्ष आणि य सारखे असतात, म्हणून १ − क्ष = फ, म्हणजेच क्ष = १ − फ. सुरुवातीला फ शून्य, तर क्ष एकच्या जवळ. पूर्ण पिवळं. फ वाढला की क्ष सावकाश खाली सरकतो.

आता क्ष × (१ − क्ष) चा आलेख डोळ्यांसमोर आणा. टेकडीसारखा आहे आणि माथा क्ष = ०.५ वर. माथ्याच्या उजव्या उतारावर क्ष चुकून थोडा वाढला तर वाढीचा वेग कमी होतो आणि तो जागेवर परत येतो. सुरक्षित. डाव्या उतारावर उलटं. थोडा वाढला तर वेग अजून वाढतो, थोडा घटला तर अजून घटतो. तिथे उभंच राहता येत नाही. आपला बीकर उजव्या उतारावर निवांत बसलेला असतो आणि फ त्याला हळूहळू माथ्याकडे ढकलत असतो. फ ०.५ला पोचला की माथा आला. पलीकडे जवळपास कुठे टेकायला जागाच नाही, त्यामुळे क्ष थेट तळाशी जातो. म्हणून छोटी थरथर नाही, एकदम पूर्ण झोका. (फ साधारण २.४च्या वर गेला तर उलटा प्रकार होतो. वॉचमन इतके जास्त की द्रावण बिनरंगीच राहतं.)

मी पायथॉनमध्ये फ शून्यापासून सावकाश वाढवत नेला. पहिली अडचण अगदी आपल्या धंद्यातली. क्ष अतिशय वेगवान आणि य संथ, त्यामुळे साधा रुंगे-कुट्टा पद्धतीचा सॉल्व्हर मुंगीच्या पावलांनी चालायला लागला. अशा 'स्टिफ' समीकरणांना इम्प्लिसिट सॉल्व्हर लागतो. तो बदलल्यावर आलेख पटकन आला आणि त्यात मला बग दिसला.

दोलन ०.५ला सुरू होत नव्हतं. फ ०.५च्या पुढे जायचा, आलेख तरीही सपाट, आणि मग कुठेतरी पुढे जाऊन तो उसळायचा. फ वाढवायचा वेग बदलला की ही जागा बदलायची. त्याहून वैताग म्हणजे सॉल्व्हरचा टॉलरन्स बदलला तरी बदलायची! दोन संध्याकाळी मी कोड तपासत बसलो. कोड बरोबर होता.

हा गणितातला नीट अभ्यासलेला परिणाम आहे. माथ्याच्या अलीकडे असताना प्रत्येक छोटा हेलकावा विरत जातो आणि बराच वेळ विरत राहिल्याने जवळजवळ शून्य होतो. माथा ओलांडल्यावर तोच हेलकावा वाढायला लागतो, पण सुरुवात त्या जवळजवळ शून्यापासून. दिसण्याइतका मोठा व्हायला त्याला वेळ लागतो. माझ्या लॅपटॉपवर हेलकाव्याचं बीज म्हणजे फ्लोटिंग पॉइंटची राउंडिंगची चूक आणि सॉल्व्हरची चूक. म्हणून टॉलरन्स बदलला की वेळ बदलायची. खऱ्या बीकरमध्ये ढवळणं, बुडबुडे, तापमानातले बारीक फरक यांचा गोंगाट सतत असतो, त्यामुळे हेलकावे इतके मरत नाहीत आणि विलंबाचा हा दुसरा हिस्सा आखडतो. पहिला हिस्सा, म्हणजे साठवणीचा, मात्र गोंगाटाने टळत नाही.

ऑफिसात ज्यांनी मॉनिटरिंग बघितलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. रिस्पॉन्स टाइमचा आलेख तासभर सपाट, आणि कोणीही आलेख न काढलेली एखादी क्यू मागे भरत चाललेली. आपण बघतो एक आणि वाढतं दुसरंच.

थोडं इकडचं तिकडचं

शाळेतला आयोडीन क्लॉकचा प्रयोग आठवत असेल. दोन स्वच्छ द्रावणं मिसळली, काही वेळ काही नाही आणि मग क्षणात सगळं निळं-काळं. लांडोल्टने याचं मूळ रूप १८८६मध्ये दाखवलं होतं. तिथेही विलंब आहे, पण उलट्या कारणाने. तिथे आयोडीन खाणारा एक घटक संपायची वाट बघायची असते. संपला की रंग आला आणि गोष्ट तिथेच थांबली. बीझेडमध्ये काहीतरी साठायची वाट बघायची असते आणि साठल्यावर गोष्ट सुरू होते.

सगळ्याच दोलनांना एवढं थांबावं लागतं असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या थॉमस ब्रिग्ज आणि वॉरेन रॉशर या दोन शाळाशिक्षकांनी १९७३मध्ये प्रसिद्ध केलेली अभिक्रिया मिसळताच सुरू होते. बिनरंगी, सोनेरी, गडद निळं, परत बिनरंगी. प्रदर्शनांत तीच जास्त दिसते यात नवल नाही. परीक्षक थांबत नाहीत, हे त्या मास्तरांना ठाऊक असावं.

बीझेडचा विलंब किती, याला एकच उत्तर नाही. रसायनांचं प्रमाण, तापमान (गरम केलं की कमी होतो), ढवळण्याचा वेग, हवेतला ऑक्सिजन, सगळ्यांचा हात असतो. शिवाय वर सांगितलेली वॉचमनची गोष्टही पूर्ण नाही. मधल्या पायऱ्यांत तयार होणारे फ्री रॅडिकल्सही आपली ढवळाढवळ करतात. १९९०मध्ये तयार झालेल्या सविस्तर मॉडेलमध्ये २६ घटक आणि ८० अभिक्रिया आहेत. चार पात्रांचं नाटक हा त्याचा सारांश समजा.

आणि हो, घरी करू नका. सल्फ्युरिक ॲसिड आहे, ब्रोमीनची वाफ आहे, आणि पोटॅशियम ब्रोमेट हे कर्करोगाच्या शंकेमुळे भारतात २०१६मध्ये पावाच्या पिठातून हद्दपार केलेलं रसायन आहे. लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली, माहितगार माणसासोबतच.

परत व्हिडिओ

आता पाण्याचं प्रकरण. माझा आरोप हवेतला नव्हता. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं आणि क्लोराइड बीझेडचं खरंच वाटोळं करतं. तेही ब्रोमाइडसारखंच विरजण लागू देत नाही. थोडं असेल तर काही वेळाने ते खर्च होऊन गाडी रुळावर येते, जास्त असेल तर बराच वेळ काहीच होत नाही. त्यामुळे इतकी वर्षं मी स्वतःशी समाधानी होतो. त्याने नळाचं पाणी घेतलं, प्रयोग फसला, विषय संपला.

पण सिम्युलेशनचा आलेख बघताना डोक्यात आलं, की क्लोराइडने विरजण अडवलं असतं तर रंग कोणता दिसला असता? आम्ही घातलेला सिरियमचा क्षार मुळात पिवळा. मॅलोनिक ॲसिड त्याला थोड्याच वेळात बिनरंगी करतं आणि विरजण बंद असेल तर त्याला परत पिवळं करणारं कोणीच नाही. म्हणजे क्लोराइडवाला बीकर मिनिटा-दोन मिनिटांत पाण्यासारखा दिसायला हवा. आणि नुसता विलंब असेल तर? तर विरजण चालू, सिरियम परत परत पिवळं होत राहणार.

तेव्हा जुना फोन शोधला, चार्ज केला, व्हिडिओ लावला. चौथ्या मिनिटाला पिवळं. फिकटसुद्धा नाही, छान लिंबासारखं पिवळं.

पाणी चांगलं होतं. अभिक्रिया व्यवस्थित चालू होती आणि ब्रोमोमॅलोनिक ॲसिड साठत होतं. पोटॅशियम ब्रोमाइडची पायरी गाळली गेली होती आणि ती गाळणारा मी होतो. कृती मीच छापून आणली होती. वास येईल, परीक्षक वैतागतील, उगाच कशाला, असं म्हणून मी त्या ओळीवर पेनने काट मारली होती. आणि मग आम्ही, आणखी थोडा वेळ थांबायचं सोडून, तो बीकर ओतून दिला.

पार्टनरला व्हिडिओ आणि आलेख दोन्ही पाठवले, सोबत मोठा मेसेज लिहिला. फ, टेकडी, क्लोराइड, सगळं. वर "सॉरी यार, चूक माझी होती" असंही. रात्री उशिरा त्याचं उत्तर आलं.

"गणित उद्या वाचतो. पण पाणी डिस्टिल्ड होतं ना? मी तेव्हाच सांगत होतो."